कोठीच्या रद्दीतली कॉम्प्युटर मासिके

हैदराबादला जाणारा गोवेकर चारमिनार पाहतो, सालारजंग पाहतो, बिर्याणी खातो आणि मोत्याची एखादी सर घेऊन परततो. माझी ताई लग्न होऊन काचीगुड्याला गेली, त्यामुळे मला हे शहर पाहुण्यासारखे न पाहता थोडे घरच्यासारखे पाहता आले. काचीगुड्याहून पायी निघालात की थोड्या वेळात कोठी लागते. कोठी म्हणजे इंग्रज रेसिडेंटची कोठी. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटाने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ती बांधवून घेतली. पुढे त्या वाड्यात मुलींचे कॉलेज आले आणि आसपासच्या साऱ्या वस्तीलाच 'कोठी' हे नाव चिकटले. मराठी माणसाला इथे परके वाटायचे कारण नाही. जामबागेत १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी आहे, इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आणि 'पंचधारा' हे मराठी त्रैमासिक याच शहरातून निघत आले आहे.

पण कोठीची खरी ओळख म्हणजे जुनी पुस्तके. कॉलेजच्या भिंतीला लागून आणि समोरच्या गाळ्यांतून इंजिनियरिंगची, मेडिकलची, स्पर्धा परीक्षांची पुस्तके माणसाच्या उंचीएवढी रचलेली असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका ढिगाच्या तळाशी मला सुतळीने बांधलेला मासिकांचा गठ्ठा दिसला. वर 'पीसीक्वेस्ट', खाली 'चिप', 'डिजिट', 'लिनक्स फॉर यू', मध्येच 'डेटाक्वेस्ट'. साधारण १९९५ ते २००६ या काळातले अंक. विक्रेता म्हणाला, "साब, ये कोई नईं लेता अब. पूरा गठ्ठा ले जाव, डेढ सौ दे देव." मी शंभर म्हटले, तो "नक्को" म्हणाला, आणि एकशेवीसला सौदा झाला. भावोजींनी गठ्ठा पाहून विचारले, "हे आता गोव्यापर्यंत नेणार?" नेला.

मी कला शाखेचा पदवीधर. सरकारी खात्यात कारकून. कॉम्प्युटर मी कुठल्याही वर्गात शिकलो नाही. जे काही कळते ते या मासिकांतून कळले. त्यामुळे तो गठ्ठा पुन्हा सावकाश, सालवार लावून वाचताना मला एक गोष्ट लख्ख दिसली. ही मासिके इंटरनेटने मारली असे आपण सहज म्हणून जातो. ते अर्धेच खरे आहे. इंटरनेट घराघरांत पोचायच्या आधीच त्यांचे लिखाण बदलू लागले होते. आधी ती 'हे कसे चालते' ते सांगत, मग 'यातले कुठले घ्यावे' ते सांगू लागली, आणि शेवटी 'हे घ्या' एवढेच उरले. हा प्रवास कसा झाला ते सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात अमेरिकेत झाली. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा कॉम्प्युटर झळकला, आणि त्याच सप्टेंबरात 'बाइट' हे मासिक निघाले. 'बाइट'चा वाचक हा हातात सोल्डरिंगची काडी असलेला माणूस होता. स्टीव्ह सिआर्शिया त्यात दर महिन्याला एखादे सर्किट बांधायला शिकवी. ऑगस्ट १९८१ चा अख्खा अंक 'स्मॉलटॉक' या एकाच प्रोग्रॅमिंग भाषेला वाहिलेला होता. आज एखादा संपादक अशी हिंमत करील का? त्या काळी केली, कारण वाचकाला ते हवे आहे याची त्याला खात्री होती.

आपल्याकडे हा धागा 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'पाशी जुळतो. १९६९ साली दिल्लीहून सुरू झालेले हे मासिक कॉम्प्युटरचे नव्हते, पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्यापासून पॉलिटेक्निकच्या पोरापर्यंत सगळे ते वाचत. डिसेंबर १९८२ मध्ये प्रदीप गुप्ता यांच्या सायबर मीडियाने 'डेटाक्वेस्ट' काढले. ते होते धंद्याचे मासिक: कुठल्या कंपनीने किती विकले, पहिल्या वीस कंपन्या कोणत्या, सरकारी धोरण काय. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने नवे कॉम्प्युटर धोरण आणून आयातीवरची बंधने सैल केली, आणि टेबलावर ठेवायचा पीसी भारतीय कचेऱ्यांत दिसू लागला. तो वापरणाऱ्यांसाठी १९८७ साली 'पीसीक्वेस्ट' आले. धंदा करणाऱ्याचे मासिक वेगळे आणि वापरणाऱ्याचे वेगळे, हा फरक तेव्हाच ओळखला गेला होता हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढची सगळी गडबड हा फरक पुसला गेल्यामुळे झाली असे मला वाटते.

गठ्ठ्यातले नव्वदच्या दशकाच्या मध्याचे अंक वाचताना काय जाणवते? लेखक वाचकाला आपल्या बरोबरीचा मानतो. मोडेमच्या केबलमध्ये कुठली तार कुठे जाते, ६४० केबीच्या पलीकडची मेमरी डॉसला का दिसत नाही, बॅच फाईल कशी लिहावी... सगळे पायरीपायरीने. कागद साधा, चित्रे ओबडधोबड. पण अंक संपला की हाताला काहीतरी नवे येते.

या काळातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे १९९६ साली 'पीसीक्वेस्ट'ने अंकाबरोबर वाटलेली लिनक्सची सीडी. आजच्या मुलांना यात काय विशेष ते कळणार नाही, म्हणून जरा हिशोब मांडतो. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत, फोनच्या तारेवरून. २८.८ केबीपीएसचा मोडेम पूर्ण वेगाने चालला तरी सेकंदाला साडेतीन केबीच्या आसपास उतरायचे. एक सीडी ६५० एमबीची. म्हणजे ती उतरवायला पन्नासहून अधिक तास, आणि तेही मध्ये एकदाही लाईन न तुटता. आमच्याकडे पावसाळ्यात फोनची तार आठ आठ दिवस मुकी व्हायची! तेव्हा ज्याला लिनक्स हवे त्याला एकच वाट होती, परदेशातून कुणीतरी सीडी आणणे. ती वस्तू एका मासिकाने अंकाच्या किमतीत, टपालाने, स्टॉलवरून गावोगाव पोचवली.

या उपक्रमामागे होते अतुल चिटणीस. जन्म जर्मनीतला, पण इंजिनियरिंगचे शिक्षण बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये. म्हणजे आमच्या चोर्ल्याच्या घाटापलीकडचे! इंटरनेट येण्यापूर्वीच बंगळुरात त्यांनी फोनवरून जोडता येणारी 'सिक्स' नावाची इलेक्ट्रॉनिक संदेशसेवा चालवली होती. ते 'पीसीक्वेस्ट'चे सल्लागार संपादक होते आणि त्यात नियमित लिहीत. शैली फटकळ. चुकीचे ते चूक म्हणायला त्यांना संकोच नसे, आणि त्यामुळे त्यांच्याशी भांडणारेही पुष्कळ होते. ३ जून २०१३ रोजी ते गेले. भारतातल्या लिनक्सच्या पहिल्या पिढीतल्या अनेकांची सुरुवात त्या सीडीपासून झाली आहे. एखाद्या मासिकाने नुसती बातमी न देता वाचकाच्या हातात साधनच दिले, असे आपल्या पत्रकारितेत फार वेळा घडलेले नाही.

गोव्याशी याचा संबंध आहे. १९९६ पासूनच गोव्यातल्या शाळांना कॉम्प्युटर मिळवून देण्याची एक चळवळ परदेशस्थ आणि स्थानिक गोवेकरांनी मिळून चालवली होती, आणि पुढे परदेशातून आलेल्या वापरलेल्या यंत्रांवर लिनक्स घालून ती शाळांत बसवण्याचे प्रयोग झाले. या सगळ्याची नोंद सातत्याने घेणारे पत्रकार म्हणजे आमचे फ्रेडरिक नोरोन्हा. खेड्यातल्या शाळेतले जुने यंत्र हा त्यांच्या दृष्टीने बातमीचा विषय होता. चकचकीत मासिकांना तो क्वचितच वाटला.

नव्वदचे दशक संपता संपता जर्मनीच्या 'चिप' मासिकाची भारतीय आवृत्ती मुंबईच्या जसुभाई समूहाने काढली, आणि जून २००१ मध्ये त्याच समूहाने आपले मासिक 'डिजिट' या नव्या नावाने आणले. मी तेव्हा नुकताच कॉलेजातून बाहेर पडलो होतो. ग्लेझ कागद, सीडी (पुढे डीव्हीडी), जाडजूड वर्धापन अंक. फेब्रुवारी २००३ मध्ये 'लिनक्स फॉर यू' सुरू झाले. पणजीच्या स्टॉलवर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेले नाही तर अंक संपलेला असे. माझ्या मते १९९९ ते २००५ ही आपल्या कॉम्प्युटर मासिकांची सर्वांत श्रीमंत वर्षे. आणि गुणवत्तेच्या दृष्टीने सर्वांत गुंतागुंतीची.

कारण या काळात मासिकांनी एक खरोखर मोलाचे काम केले: तुलनात्मक चाचण्या. आपली प्रयोगशाळा, एकाच जातीचे वीस प्रिंटर किंवा पंधरा मॉनिटर एका रांगेत, सर्वांना तीच परीक्षा, आणि शेवटी तक्ता. 'पानामागे खर्च किती' हा प्रिंटरचा रकाना मी पहिल्यांदा अशाच तक्त्यात पाहिला. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग हे गुपित तेव्हा दुकानदार सांगत नव्हता.

सरकारी कारकुनाला या तक्त्याचे मोल काय ते सांगितले पाहिजे. यंत्र खरेदीच्या फाईलमध्ये आम्हाला कंपनीचे नाव लिहायचे नसते. गुणविशेष लिहायचे आणि पुढे 'अथवा समतुल्य'. मग कोटेशने येतात, तुलनात्मक तक्ता होतो, सर्वांत कमी दर पास होतो. सगळा डोलारा उभा आहे 'समतुल्य' या एका शब्दावर. आणि समतुल्य कोणी ठरवायचे? विकणारा सांगेल ते तर धरता येत नाही, आणि साहेबांना विचारावे तर साहेब आम्हालाच विचारतात.

उदाहरण घ्या. २००० च्या नोव्हेंबरात इंटेलचा पेंटियम ४ आला. त्याची घड्याळगती प्रचंड, पण प्रत्येक ठोक्याला काम कमी. जास्त पावले टाकणारा पण आखूड ढांगांचा माणूस म्हणा. एएमडीने ऑक्टोबर २००१ मध्ये अॅथलॉन एक्सपी आणला. त्यातल्या '१८००+' नावाच्या प्रोसेसरची खरी गती होती १५३३ मेगाहर्ट्झ, पण रोजच्या कामात तो १८०० मेगाहर्ट्झच्या पेंटियम ४ च्या बरोबरीने चाले, पुष्कळदा पुढे जाई. आता फाईलमध्ये 'किमान १.८ गिगाहर्ट्झ' लिहिले की हा समतुल्य प्रोसेसर पहिल्याच फेरीत बाद! नियम पाळला, आणि सरकारचे पैसे मात्र गेले. या घोळाची पुढची गंमत अशी की जुलै २००६ मध्ये इंटेलने स्वतःच ही गतीची शर्यत सोडून दिली. त्यांचा नवा कोअर २ ड्युओ १.८६ गिगाहर्ट्झवर चालून ३ गिगाहर्ट्झच्या जुन्या पेंटियमला मागे टाकी. 'किमान ३ गिगाहर्ट्झ' ही ओळ वर्षानुवर्षे कॉपी-पेस्ट करणाऱ्या कचेरीत इंटेलचा हा नवा प्रोसेसरही कागदावर नापास झाला असता.

आमच्या एका खरेदीच्या वेळी गुणविशेषांचा मसुदा एका विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून जसाच्या तसा उतरून आला होता. मी मासिकातल्या चाचणीच्या पानाची झेरॉक्स फाईलला जोडली आणि नोटिंगमध्ये लिहिले की गती हा एकच निकष धरू नये. साहेबांनी समासात 'चर्चा करा' लिहिले. चर्चा झाली, आणि निदान ती ओळ तरी बदलली. एका मासिकाच्या एका पानाचा एवढा उपयोग झाला! (स्पीकरच्या खोक्यावर छापलेल्या 'हजार वॉट पीएमपीओ'चे भूतही मला अशाच एका लेखाने उतरवून दिले. म्हापशाच्या बाजारात तो आकडा अजून पाहिला की हसू येते.)

पण याच अंकांत पोखरणही दिसते. गठ्ठ्यातले १९९९ चे अंक काढा. पानेच्या पाने वाय-टू-के. भीतीला जाहिरातदार फार. हैदराबाद तेव्हा या सगळ्याच्या मध्यभागी होते. नोव्हेंबर १९९८ मध्ये सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले होते, अमीरपेठेत शिकवणीवर्ग उघडत होते, आणि मासिकांची शेवटची पाने 'सहा महिन्यांत जावा, थेट अमेरिका' अशा जाहिरातींनी भरली होती. मग २०००-२००१ मध्ये डॉटकॉमचा फुगा फुटला आणि जाहिराती आटल्या. अंकाची किंमत वाचकाकडून घ्यायची ती सीडी आणि कागदालाही पुरत नसे, बाकीचे जाहिरातदाराने भरायचे, असा हा धंदा. जाहिरातदार कमी झाले की उरलेल्यांना दुखवणे कठीण जाते. माझ्याकडच्या अंकांत परीक्षणांतले वाईट गुण हळूहळू नाहीसे होताना दिसतात. सगळेच दहापैकी सात किंवा आठ. पाच गुणांचा प्रिंटर गेला कुठे? तो बाजारात होताच, माझ्या टेबलावर होता.

हा रोग आपल्याकडचाच नव्हे. परीक्षा ठरलेली असली की परीक्षेपुरता अभ्यास करणारा विद्यार्थी निघतोच. मे २००३ मध्ये फ्युचरमार्क या चाचणी बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केले की एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचे सॉफ्टवेअर त्यांची चाचणी चालू आहे हे ओळखून काम वाचवते आणि गुण फुगवते. त्याआधी २००१ मध्ये एटीआयच्या कार्डाबाबत तसेच उघड झाले होते. 'क्वेक' या खेळाच्या फाईलमधला शब्द बदलून 'क्वॅक' केला, तर कार्डाची गती उतरली आणि चित्र सुधारले! कार्ड खेळाचे नाव वाचत होते. हे पकडले एका संकेतस्थळाने. छापील मासिकांनी तोवर कित्येक महिने तेच आकडे तक्त्यात दिले असतील. गुणवत्ता छापील पानांतून उठून दुसरीकडे बसायला चालली होती, तिची ही खूण.

छापील पत्रकारितेचा एक अभिमानाचा प्रसंगही सांगितला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या अमेरिकी गणिताच्या प्राध्यापकाला पेंटियम प्रोसेसर काही भागाकार चुकवतो असे आढळले. ७ नोव्हेंबरला 'ईई टाइम्स' या व्यवसायाच्या वृत्तपत्राने ती बातमी छापली. इंटेल आधी म्हणाले, सामान्य माणसाला याचा त्रास नाही. २० डिसेंबरला त्यांना मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याची घोषणा करावी लागली, आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. ज्या उद्योगाच्या जाहिरातींवर पत्र चालते त्या उद्योगातल्या सर्वांत मोठ्या कंपनीविरुद्धची ही बातमी. आपल्या मासिकांच्या नावावर असे काही मला या गठ्ठ्यात सापडले नाही.

आता भाषेकडे येतो, कारण मला खरी टोचणी तिथे आहे. कोठीतच उस्मानिया मेडिकल कॉलेज आहे. निजामाच्या काळात, १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि त्यासाठी वर्षभर आधीच स्वतंत्र भाषांतर विभाग काढून शास्त्रांचे शब्द घडवले गेले. वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवले. राज्यातल्या तेलुगू, मराठी, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्यांवर ती उर्दू लादलेलीच होती, हे विसरून चालणार नाही. पण नवे शास्त्र भारतीय भाषेत मांडता येते हे मात्र त्या मंडळींनी करून दाखवले. त्याच शहरात या शतकाच्या सुरुवातीला नल्लमोतु श्रीधर यांच्या संपादनाखाली 'कंप्यूटर एरा' हे तेलुगू मासिक निघू लागले. कोठीच्या त्याच दुकानात मी त्याचे अंक चाळले. मला तेलुगू वाचता येत नाही, पण पडद्याची चित्रे, बाण, आकडे पाहून कळत होते की इंग्रजी न येणाऱ्या माणसाला कुणीतरी हात धरून विंडोज दुरुस्त करायला शिकवते आहे.

मराठीत काय झाले? वर्तमानपत्रांत सदरे आली, अच्युत गोडबोल्यांचे 'संगणकयुग' आले, एमकेसीएलने एमएस-सीआयटीसाठी मराठी पुस्तके गावोगाव पोचवली. ते काम मोठेच. पण 'डिजिट' किंवा 'पीसीक्वेस्ट'च्या तोडीचे, चाचण्या करणारे, महिन्याच्या महिन्याला गोव्यातल्या स्टॉलवर मिळणारे मराठी मासिक माझ्या हाती कधी आले नाही. याची किंमत कुठे मोजली, तर फाँटच्या गोंधळात. त्या काळी देवनागरीसाठी श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम असे अनेक संच होते आणि प्रत्येकाची अक्षरांची सांकेतिक मांडणी निराळी. एका खात्यातून आलेले मराठी परिपत्रक दुसऱ्या खात्यात उघडले की पडद्यावर खिळे आणि चांदण्या. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीबरोबर मराठीचाही शासकीय वापर मान्य केलेला, म्हणजे हा प्रश्न आमच्या रोजच्या टपालाचा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती आणि विंडोज २००० मध्ये तिची सोयही आली होती. तरी आमच्याकडे ती कुणाला ठाऊक नव्हती. माझ्या गठ्ठ्यातल्या इंग्रजी अंकांत ग्राफिक्स कार्डावर बारा बारा पाने आहेत, भारतीय भाषांच्या टंकलेखनावर एखादी चौकट. संपादकाला दोष कसा द्यावा? फाँट विकणाऱ्यांच्या जाहिराती थोड्या, आणि ज्याला अडचण होती तो इंग्रजी मासिक वाचत नव्हता. पण एखादे मराठी मासिक असते, आणि त्याने एकदाच सगळे फाँट एका रांगेत मांडून तक्ता दिला असता, तर कित्येक कचेऱ्यांची दहा वर्षांची कागदपत्रे आज न वाचता येणाऱ्या फाईलींत अडकून पडली नसती.

पुढचे सर्वांना माहीत आहे. 'बाइट'ची छापील आवृत्ती जुलै १९९८ मध्येच थांबली होती. वाचक लाखांनी होते, जाहिरातदार पांगले होते. 'पीसी मॅगझीन'चा शेवटचा छापील अंक जानेवारी २००९ चा, अमेरिकेतल्या 'पीसी वर्ल्ड'चा २०१३ चा. 'मॅक्सिमम पीसी' आणि 'मॅक लाइफ' यांनी २०२३ मध्ये छपाई थांबवली. इकडे 'लिनक्स फॉर यू'ने २०१२ मध्ये 'ओपन सोर्स फॉर यू' असे नाव घेतले. आणि ज्यांनी छापील मासिकांची जागा घेतली तीही टिकली असे नाही. प्रोसेसरची अतिशय खोल चिकित्सा करणारे 'आनंदटेक' हे संकेतस्थळ १९९७ साली एका शाळकरी मुलाने सुरू केले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याने निरोप घेतला. जर्मनीत मात्र 'सी-टी' हे १९८३ पासूनचे नियतकालिक आपली प्रयोगशाळा सांभाळून छापील निघते, कारण तिथला वाचक वर्गणी भरतो. आम्ही भारतीय वाचक अंक घ्यायचो बऱ्याचदा सीडीसाठी. सीडी काढून अंक रद्दीत देणारे मित्र मला ठाऊक आहेत. ब्रॉडबँड आला, सीडीची गरज संपली, तेव्हा मासिक कशासाठी घ्यायचे हे त्यांना सांगणारे कुणी उरले नव्हते.

आज सगळे वाईट आहे असे म्हणणारा मी नव्हे. स्क्रू कुठला काढायचा हे दाखवणारा पाच मिनिटांचा व्हिडिओ जुन्या चार पानी लेखापेक्षा सरस असतो, आणि मराठीतही आता असे कितीतरी तरुण सांगणारे आहेत, खेड्यात बसून, उत्तम मराठीत. ती उणीव त्यांनी काही अंशी भरून काढली. पण खोके उघडून दाखवणे वेगळे आणि वीस यंत्रे रांगेत लावून तपासणे वेगळे. दुसऱ्याला पैसा, जागा आणि वेळ लागतो, आणि यंत्रे विकत घ्यावी लागतात. फुकट आलेल्या यंत्राचे परीक्षण करणारा 'लिंक खाली दिली आहे' म्हणतो, तेव्हा त्या लिंकेतून त्याला किती मिळतात ते आपल्याला दिसत नाही. २०२१ मध्ये जाहिरात मानक परिषदेने आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा मंडळींनी पैसे किंवा भेटवस्तू घेतल्यास तसे स्पष्ट सांगावे असे नियम घातले. जुन्या मासिकांत निदान जाहिरातीच्या पानावर वर बारीक अक्षरांत 'जाहिरात' लिहिलेले असायचे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मदत थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागते आणि प्रोसेसर ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. त्यामुळे डेड स्टॉक रजिस्टरात जाण्याच्या रांगेत धडधाकट यंत्रे उभी आहेत. यातल्या कोणत्या कामासाठी जुने यंत्र लिनक्सवर आणखी पाच वर्षे चालेल, मराठी टंकलेखन त्यावर कसे होते, प्रिंटर लागतो का, एकूण खर्च किती वाचतो... १९९६ च्या 'पीसीक्वेस्ट'ने यावर पंधरा पाने दिली असती आणि वर सीडी. मी महिनाभर शोधले. व्हिडिओ पुष्कळ मिळाले. फाईलला जोडता येईल असा तक्ता मिळाला नाही.

दरम्यान नव्या खरेदीचा मसुदा टेबलावर आला. त्यात 'एआय पीसी, किमान ४० टॉप्स अथवा समतुल्य' अशी ओळ होती. सेकंदाला चाळीस लाख कोटी गणिते करणारा वेगळा भाग यंत्रात हवा, असा त्याचा अर्थ. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या जातीच्या लॅपटॉपसाठी हाच आकडा ठरवला होता. आमच्याकडे ही यंत्रे आवक-जावक विभागासाठी घ्यायची होती. माहितीपत्रक घेऊन आलेल्या मुलाला मी विचारले, "बाबा, आवक-जावक रजिस्टराला याचा उपयोग काय?" तो क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "सर, फ्युचर-रेडी आहे." मी मसुद्यातल्या त्या ओळीसमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आणि फाईल वर पाठवली.